सोळा अक्षरांची जागा

साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच म्हणतो, "म्हणजे पगारपत्रकं वगैरे?" नाही. पगारपत्रकं दुसऱ्या खोलीत व्हायची. मी शेतकी खात्यात होते आणि माझ्या मशीनमधून ऊसतोडीची यादी निघायची. कुणाचा ऊस आधी तुटणार आणि कुणाचा मागाहून, हे ती यादी ठरवायची. लग्नपत्रिकेत नाव चुकलं तर आमच्या भागातला माणूस एकवेळ हसून सोडून देईल. तोडीच्या यादीत नंबर चुकला तर तो ट्रॅक्टर काढून थेट कारखान्यावर येईल.

ज्यांना ऊस फक्त रसवंतीवर ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. शेतकऱ्यानं ऊस लावला की आमच्या गट कार्यालयातला माणूस रानात जाऊन लागणीची तारीख नोंदवतो आणि शेतकऱ्याला पावती देतो. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. नियम एवढाच. पण ऊस वेळेवर तुटला नाही तर त्याला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन उतरतं, आणि रान मोकळं होत नाही म्हणून पुढचं पीकही हुकतं. म्हणून प्रत्येकाला आपला नंबर वर हवा असतो, आणि ज्याच्या ओळखी असतात तो त्या वापरून पाहतो.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. बारामती ते इंदापूर या पट्ट्यात कारखाने कमी नाहीत, त्यातलाच एक समजा. माणसांची नावंही बदलली आहेत.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागं एकदा जेवताना ती म्हणाली, "मावशी, सगळं जग ज्या फुकटच्या ओपन सोर्स प्रोग्रामवर चालतं, त्यातली सुरक्षेची भोकं बुजवायला आम्ही वेळ मागतो, तर मॅनेजर विचारतात याचा आपल्याला काय उपयोग. तू सांग, एवढी मेहनत घेण्यासारखी असते का?" मी तिला पुढची पोळी वाढली आणि विषय बदलला. खरं तर तिला सांगण्यासारखं माझ्याकडं एकच प्रकरण आहे, आणि ते दोन वाक्यांत बसत नाही.

मी पिंपळीची. वडिलांनी मेंढरं विकून थोडी शेती केली, मला बारामतीला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. त्यानंतर मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, बारामतीतच एका क्लासमध्ये दोन वर्षं शिकवलं आणि तिथून कारखान्यात लागले. शेतकी खात्यात बाई म्हणून मी एकटी. पहिले सहा महिने लोक खिडकीतून डोकावून "साहेब कुठं गेलं?" असं मलाच विचारायचे.

तेव्हा कारखान्याची नऊ गट कार्यालयं होती. सगळ्या नोंदी कागदावर, आणि कागद जीपमधून यायचे. मी आल्यावर वर्षभरात प्रत्येक गटात एक जुनं मशीन आणि मोडेम बसवलं. म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून गटातलं मशीन माझ्या मशीनला फोन लावायचं आणि त्या दिवसाच्या नोंदी पाठवायचं. हे बोलणं घडवून आणणारा प्रोग्राम मला एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर सापडला. फुकट. नुसता फुकट नाही, तर तो कसा लिहिलाय ती सगळी वहीच बरोबर होती. कुणीही वाचावी, हवा तसा बदल आपल्या मशीनवर करावा, आणि चांगला बदल असेल तर मूळ लेखकाला कळवावा. 'ओपन सोर्स' हा शब्द आमच्याकडं पोचायचा होता. कारखान्यात सगळे त्याला 'कोकरे बाईंचं फुकटातलं' म्हणायचे.

कॅनडातल्या एका लहान गावातला मार्टिन नावाचा माणूस तो प्रोग्राम एकटा सांभाळायचा. शाळेत गणित शिकवून उरलेल्या वेळात. हे मला नंतर समजलं.

पहिल्या हंगामात माझ्याकडून एक चूक झाली. ऐन गाळपात मी यादीच्या छपाईत एक सुधारणा करायला गेले आणि अर्धा दिवस यादीच निघेना. वजनकाट्यापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे राहिले. शेतकी अधिकारी साळुंखे साहेबांनी मला बोलावून एका कागदावर सही घेतली, की चालू हंगामात लेखी परवानगीशिवाय मशीनमध्ये कोणताही बदल करणार नाही. चूक माझी होती. मी सही केली.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर एका सकाळी सात नंबरच्या गटातून फोन आला. तिथं ज्ञानदेव राऊत नावाचा कारकून होता. निमगाव केतकीचा, चाळिशीचा, अक्षर मोत्यासारखं. मशीन आलं तेव्हा सगळ्यांत जास्त घाबरला होता तो, आणि सगळ्यांत नीट शिकलाही तोच.

"मॅडम, एक इचारू का? रागावणार न्हाय ना?"

"बोला की."

"मला आज सगळंच दिसाय लागलंय."

"सगळं म्हणजे?"

"म्हंजी माज्या गटाच्याच नोंदी दिसाय पायजेत ना? हितं तर चार नंबरचा गट बी दिसतोय, नऊ नंबरचा बी. आन् तारखांवर कर्सर बी जातोय. मी काय बी केलं न्हाय हां. हात लावला न्हाय."

मी त्याला फोन चालू ठेवून सकाळपासून काय काय केलं ते एकेक सांगायला लावलं. गटाचा नंबर टाकला, पासवर्ड टाकला. मग काम करणाऱ्याचं नाव. तिथं तो रोज 'राऊत' एवढंच लिहायचा. पण आदल्या दिवशी साळुंखे साहेबांचं परिपत्रक आलं होतं की यापुढं प्रत्येक कागदावर पूर्ण नाव आणि गाव लिहावं. ज्ञानदेवनं आज्ञा पाळली होती. इंग्रजी अक्षरांत 'ज्ञानदेव केरबा राऊत निमगाव केतकी' असं सगळं लिहून टाकलं होतं.

मी प्रोग्रामची वही उघडली. शोधायला दुपार गेली. नावासाठी मार्टिननं सोळा अक्षरांची जागा ठेवली होती, पण येणारं नाव त्याहून लांब आहे का हे कुठंच तपासलं नव्हतं. सोळाच्या पुढची अक्षरं शेजारच्या खणात सांडत होती. आणि त्या खणात काय होतं? हा माणूस साधा आहे की मुख्य कार्यालयातला, याची खूण. खण रिकामा असेल तर साधा. काहीही भरलेलं असेल तर मुख्य कार्यालयातला, सगळ्या नोंदी बदलायची मुभा असलेला. ज्ञानदेवच्या लांबलेल्या नावानं तो खण भरला होता.

मला तेव्हा भीती वाटली नाही, आनंद झाला. खोटं कशाला बोलू? रानात हरवलेली वस्तू सापडावी तसं झालं. सात ओळी लिहिल्या की काम होणार होतं. मी त्या लिहिल्या, सुट्टीच्या दिवशी बारामतीच्या जुन्या क्लासमधल्या मशीनवर तपासल्या. तिथल्याच एका संस्थेत नुकतं इंटरनेट आलं होतं. फ्लॉपी घेऊन गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मार्टिनला पत्र पाठवलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की गेली काही वर्षं हजारो लोकांनी हा प्रोग्राम घेतला असेल, पण आतलं वाचून पत्र लिहिणारी तू तिसरी. आणि विचारलं होतं, वेळ असेल तर उरलेलं पण वाचशील का?

मी वाचलं. त्या हंगामातल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. बारामतीच्या भाड्याच्या खोलीत, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन, एकेक ओळ. घरच्यांनी आणलेली दोन स्थळं मी त्या काळात 'काम आहे' म्हणून पुढं ढकलली. अशी आणखी काही भोकं सापडली, लहानमोठी. आयुष्यात दुसरं कोणतंही काम मी इतक्या मनापासून केलेलं नाही.

आता दुसरी बाजू. ज्ञानदेवच्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी मी साळुंखे साहेबांकडं लेखी अर्ज घेऊन गेले होते. मुख्य मशीनवर सात ओळींचा बदल, दहा मिनिटांचं काम, परवानगी द्यावी.

साहेबांनी अर्ज वाचला. "गाळप कधी सुरू होतंय?"

"परवा, साहेब."

"मग परवानगी मागताय तरी कशी? मागच्या वर्षी काय झालं ते विसरलात?"

"साहेब, आत्ता कुणीही गटातून बसून दुसऱ्याच्या तारखा बदलू शकतो."

"कुणाला माहीत आहे हे?"

"मला, आणि सात नंबरच्या राऊतांना."

"झालं तर. हंगाम संपल्यावर करू." त्यांनी अर्जावर तसं लिहिलं, सही केली. मग थोडा विचार करून म्हणाले, "तुम्हाला एवढीच काळजी आहे तर परिपत्रक काढा. नाव सोळा अक्षरांच्या वर लिहू नये म्हणावं."

ते परिपत्रक मी लिहिलं. स्वतःच्या हातानं. नीट समजावं म्हणून सविस्तर लिहिलं, शिकवायची सवय होती ना. 'कामकाज करणाऱ्याचे नाव सोळा अक्षरांपेक्षा जास्त लिहिल्यास सर्व गटांच्या नोंदी खुल्या होतात, तरी तसे करू नये.' आणि खाली उदाहरण दिलं. 'उदा. असे लिहू नये:' म्हणून ज्ञानदेवचं ते पूर्ण नाव आणि गाव, त्यानं लिहिलं होतं तसंच्या तसं. नऊ प्रती काढल्या, नऊ गटांना पाठवल्या.

आज हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल की मी काय केलं होतं. माझ्या नाही आलं.

दोन आठवड्यांत मार्टिननं माझ्या सात ओळी घालून नवी आवृत्ती जगासाठी खुली केली. कुठं ब्राझीलमध्ये, कुठं जर्मनीत लोकांनी ती घेतली, तशी पत्रं त्याला आली आणि त्यानं ती मला पाठवली. जिथं भोक सापडलं त्या आमच्या कारखान्यात मात्र जुनाच प्रोग्राम चालू होता, आणि त्याच्या शेजारी भिंतीला ते परिपत्रक लावलेलं होतं.

जानेवारीत कौसाबाई आल्या. पन्नाशीच्या, एकटीनं शेती करणाऱ्या, निमगावच्याच बाजूच्या. तीन एकर आडसाली ऊस. आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तुटणारा. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली नोंदीची पावती काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"बाय, ह्यावर काय लिवलंय वाच."

"बारा जुलै."

"आन् तुज्या यादीत?"

मी मशीनवर काढलं. सत्तावीस सप्टेंबर.

"माज्या बांधाशेजारचा ऊस मागनं लावलेला, त्यो तुटून गेला. माजा हुबा हाय. तुरं आल्यात." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "आधी मानसं खोटं लिवायची, ती कळायची तरी. आता हे बी खोटं बोलाय लागलं व्हय?"

मी त्यांना चहा दिला आणि दिवसभर पावत्यांची स्थळप्रत आणि मशीन ताडून पाहत बसले. अशा चार नोंदी निघाल्या. चार जणांच्या तारखा उशिराच्या होऊन त्यांचे नंबर मागं गेले होते आणि दुसऱ्या चार जणांचे तितकेच पुढं आले होते. अदलाबदल, म्हणजे एकूण बेरीज बिघडत नव्हती आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं. ज्यांचे नंबर पुढं आले ते कुणाचे कोण होते हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. मी ते लिहीत नाही. सिद्ध करता आलं नाही, ते लिहिण्याचा मला अधिकार नाही.

प्रोग्राम प्रत्येक फोनची नोंद ठेवायचा. ती काढली. चारही बदल चार नंबरच्या गटाच्या पासवर्डनं झाले होते. आणि काम करणाऱ्याच्या नावाच्या जागी चारही वेळा लिहिलं होतं, ज्ञानदेव केरबा राऊत निमगाव केतकी.

ज्यानं कुणी ते केलं होतं त्यानं डोकंसुद्धा वापरलं नव्हतं. भिंतीवरच्या परिपत्रकातलं माझं उदाहरण बघून उतरवून काढलं होतं.

चौकशी झाली ती कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. तीन माणसं, साळुंखे साहेब धरून. मी नोंदींचे कागद घेऊन गेले होते. वाटलं होतं, समजावून सांगितलं की समजेल.

"नाव कुणाचं दिसतंय?" मधल्या सदस्यांनी विचारलं.

"राऊतांचं. पण ते नाव कुणीही लिहू शकतं. परिपत्रकात होतं. आणि बदल चार नंबरच्या गटातून झालेत, राऊत सात नंबरला आहेत."

"चार नंबरचा पासवर्ड राऊतांना माहीत असू शकतो का?"

"असू शकतो. सगळ्या गटांत पासवर्ड फोनपाशी चिकटवलेले आहेत. पण मग तो सगळ्यांनाच…"

"एवढं पुरे. हे जे सॉफ्टवेअर आहे, ते कोणत्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही. ते खुलं आहे. कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. "कुणीही बदलू शकतं?"

"म्हणजे आपापल्या मशीनवर. आपल्या इथलं नाही. उलट ते खुलं आहे म्हणूनच तर मला हे भोक…"

"म्हणजे भोक आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

मी साळुंखे साहेबांकडं पाहिलं. माझा अर्ज, त्यांची सही. मी तो अर्ज पुढं केला. मधल्या सदस्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "साहेबांनी हंगाम सांभाळला, त्यात गैर काय?"

निष्कर्षात दोन वाक्यं होती जी मला पाठ आहेत. 'सदर सॉफ्टवेअर कोणीही बदलू शकतो असे श्रीमती कोकरे यांनी कबूल केले. त्यामुळे त्यातील अन्य तपशील पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत.' गटाचा नंबर हा तपशील ग्राह्य नव्हता. नाव मात्र ग्राह्य होतं.

ज्ञानदेवला आधी निलंबित केलं आणि हंगाम संपल्यावर काढून टाकलं. मला एक मेमो मिळाला. कौसाबाईंचा ऊस मार्चअखेर तुटला. यादी एकदा निघाली की बदलायची नाही, असं साहेबांचं म्हणणं होतं. तोड चालू होती तेव्हा मी रानात गेले होते. ऊस एवढा वाळला होता की मोळ्या उचलताना बायकांना जोर लावावा लागत नव्हता.

मी राजीनामा द्यायला हवा होता, असं मला पुष्कळ जणांनी नंतर सांगितलं. आधी कुणी सांगितलं नाही. मी दिला नाही. नोकरी हवी होती. मेमो घेऊन खाली आले आणि उरलेली यादी छापली.

पुढच्या वर्षी कारखान्यानं 'फुकटातलं' काढून टाकलं आणि पुण्याच्या एका कंपनीकडून मोठं पॅकेज घेतलं. ते बसवायला टाय लावलेले दोन इंजिनिअर आले. आतलं काही बघायची सोय नव्हती, नुसतं वापरायचं. साळुंखे साहेब मला म्हणाले, "आता कुणी बदलू शकणार नाही. करारातच लिहिलंय."

एक दिवस गटातून येणारा फोन मध्येच तुटला आणि पडद्यावर इंग्रजीत चूक झाल्याचा संदेश आला. त्यात 'रिसीव्ह्ड' या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. ते चुकलेलं स्पेलिंग मी ओळखत होते. मार्टिनचं होतं. एवढं गणित येणाऱ्या माणसाला तो एक शब्द कधी जमला नाही. मी आमच्या प्रोग्रामच्या वहीत शंभरदा तो पाहिला होता.

मी पॅकेजच्या फाइलीतली वाचता येण्यासारखी अक्षरं काढून पाहिली. मार्टिनचेच सगळे संदेश होते. त्याचं नाव तेवढं पुसलेलं होतं. आणि घेतलेली होती ती जुनी आवृत्ती, माझ्या सात ओळींच्या आधीची. मी एका गटात जाऊन मुद्दाम लांब नाव लिहून पाहिलं. सगळ्या नोंदी खुल्या झाल्या.

पुण्याला फोन केला. तिथला माणूस गोड बोलत होता. "मॅडम, आमचा प्रोग्राम आमच्याच टीमनं लिहिलाय. आणि तुम्ही तो उघडून बघणं करारात बसत नाही, एवढं लक्षात घ्या." साळुंखे साहेबांकडं गेले, तर ते म्हणाले, "कोकरे बाई, तुम्हाला नुसती भोकंच दिसतात. कंपनी जबाबदार आहे ना? मग आपण कशाला?"

मी मार्टिनला सगळं कळवलं. त्याचं उत्तर या वेळी उशिरा आलं आणि लांब होतं. त्याला आपल्या नावाचं काही वाटलं नव्हतं. पण तो थकला होता. लिहिलं होतं, माझी बायको आजारी आहे, आता मला हे जमणार नाही. तूच एक आहेस जिनं आतली प्रत्येक ओळ वाचलीय. तू घेशील का सांभाळायला? आणि ज्यानं ते पहिलं भोक पाहिलं त्या कारकुनाचं नाव मला कळव, आभारात घालायचं राहून गेलंय.

ते पत्र छापून घेतलं आणि मी निमगाव केतकीला गेले. मनात दोन गोष्टी होत्या. एक तर ज्ञानदेवचं नाव द्यायला त्याची परवानगी घ्यायची. आणि दुसरी खरी होती. आता दाखवता येणार होतं की दोष सॉफ्टवेअरचा आहे, विकतच्यातसुद्धा तो आहे. ज्ञानदेवची चौकशी पुन्हा उघडायला सांगता येणार होतं. त्याला काढल्यापासून मी एकदाही त्याच्याकडं गेले नव्हते, हेही सांगायला हवं.

तो पानमळ्यात होता. थोरल्या भावाचा मळा, तिथं पानं खुडायचं काम करत होता. वेलींच्या ओळींत गार सावली होती. त्यानं मला बांधावर पोतं अंथरून दिलं आणि पानं मोजून त्यांच्या थप्प्या लावत माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ज्ञानदेवराव, आता आपण अर्ज करू शकतो. मी साक्ष देते. या वेळी लेखी देते."

"नगं मॅडम."

"का? तुमचं नाव साफ होईल."

"गावात माजं नाव साफच हाय. कारखान्यातली मानसं बी मला भेटली की हात जोडत्यात. समद्यांस्नी म्हाईत हाय कुनी केलं." त्यानं थप्पीवर ओलं फडकं टाकलं. "आन् परत वर जाऊन हुबं ऱ्हायाचं, त्यांनी इचारायचं, मी सांगायचं… पोरीचं लगीन ठरलंय. आता नगं."

मी मार्टिनचं पत्र काढलं. आभाराचं सांगितलं. लांब देशात एक माणूस तुमचं नाव मागतोय, म्हटलं.

तो पहिल्यांदा हसला, पण थोडंच. "त्यास्नी माजा नमस्कार कळवा. नाव नगं."

परत निघताना मी विचारलं. विचारायला नको होतं. "त्या दिवशी तुम्ही फोन केलात, त्याचं वाईट वाटतं का?"

ज्ञानदेवनं मोजलेली थप्पी बाजूला सरकवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "खोटं कसं बोलू मॅडम? आता तसं काय दिसलं, तर मी मशीन बंद करून घरी जाईन. कुनाला बी सांगनार न्हाय."

कारखान्याच्या नऊ गटांत बिघाड दिसल्याबरोबर खरं सांगणारा तो एकच माणूस होता. प्रोग्राम दुरुस्त करायला सात ओळी पुरल्या होत्या. हे जे मोडलं होतं त्याला मी कुठल्या ओळी लिहिणार होते?

एसटीत बसून बारामतीला येईपर्यंत माझं ठरलं. मार्टिनला लिहिलं, मला जमणार नाही. कारण लिहिलं नाही. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, समजू शकतो, तू केलंस तेच पुष्कळ होतं. त्यानंतर आमचा पत्रव्यवहार थांबला.

भाचीला आता एवढं सांगू शकते. कामाचा उपयोग असतो. ब्राझीलमधल्या कुणाचं तरी काहीतरी माझ्यामुळं वाचलं असेल, ते मी पाहिलेलं नाही, पण मानते. उपयोग नव्हता तो अर्ज करून परवानगीची वाट बघण्याचा. दहा मिनिटांचं काम होतं, चावी माझ्याकडं होती, आणि सही मोडली असती तर फार तर माझी नोकरी गेली असती. गेली दुसऱ्याची.

आणि मार्टिनला नाही म्हटलं, ते चुकलं. तेव्हा मला वाटलं की मी कारखान्याला नाही म्हणतेय, साळुंखे साहेबांना नाही म्हणतेय. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. नाही म्हटलं ते एका थकलेल्या शिक्षकाला, ज्यानं माझं काही वाईट केलं नव्हतं. तो प्रोग्राम पुढं कुणी घेतला नाही. पण त्याची जुनी आवृत्ती नाव पुसून कुणाकुणाच्या पॅकेजात गेली होती, आणि ती पॅकेजं कुठं कुठं विकली गेली, कुठल्या कारखान्यात, कुठल्या दवाखान्यात ती अजून चालताहेत, हे सांगू शकेल असं आता कुणीच उरलेलं नाही.

मी सांगू शकले असते.